कोड रिव्ह्यूला ‘रुजुवात’ म्हणावं का?

अर्धविराम
मंडळी, अभियांत्रिकीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. नवा प्रोसेसर आला की जीसीसी किंवा एलएलव्हीएमसारख्या कंपायलरला (आपण लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्याच्यासाठी कोड तयार करायला शिकवावं लागतं. कुणीतरी ते लिहून पाठवतं आणि जुनी जाणती माणसं ओळ न ओळ वाचून मगच ते आत घेतात. या वाचण्याला काय म्हणायचं? कोशाच्या वळणाने गेलो तर वाक्य होतं, ‘नवीन प्रक्रियकाचा आधार संकलकात समाविष्ट करणाऱ्या संहितेचे पुनरावलोकन’. एखाद्या जीआरचा विषय वाटतो. शिवाय ‘आधार’ म्हटलं की कार्ड आठवतं आणि ‘संहिता’ म्हटलं की निवडणूक. कंपायलर, प्रोसेसर, कोड तसेच ठेवणार आहे, त्यावर वाद नको. अडलंय ते ‘रिव्ह्यू’पाशी.

पोटमाळा
मग रिव्ह्यूच ठेवा की. ‘रिव्ह्यूला टाकलंय’, ‘रिव्ह्यूत अडकलंय’ हे ऑफिसात सगळेच बोलतात. मराठीच हवं असेल तर ‘तपासणी’. पुनरावलोकन सरत्या वर्षाचं करतात, इथे तर कोड अजून आतही गेलेला नाही. परीक्षण नाटकांचं आणि पुस्तकांचं. समीक्षा म्हटलं की मुलं टिपण मिटून ठेवतील.

बोरूबहाद्दर
एक जुना शब्द सुचवतो : रुजुवात. हिशेब किंवा नक्कल मुळाशी ताडून पाहणे आणि जुळते की नाही ते ठरवणे, हा त्याचा अर्थ. मोडी कागदांवर ‘रुजू’ असा शेरा दिसतो, तो ‘पाहिले, जुळले’ याच अर्थाचा. मूळ अरबी, फारसीतून आपल्या दफ्तरांत आला. ‘कामावर रुजू झाला’ यातला रुजू तोच, हजर होणे या अंगाने गेलेला.

हल्ली वर्तमानपत्रांत ‘नव्या विचारांची रुजवात’ असं छापून येतं. तिथे लिहिणाऱ्याच्या मनात ‘रुजणे’ असतं, म्हणजे बी रुजतं ते. या दोघांचं काही नातं नाही. एक शेतातला, एक दफ्तरातला. आता चूक इतकी पसरली आहे की पुढच्या कोशांना ती नोंदवावीच लागेल. माझी चिडचिड मात्र कमी होत नाही.

पोटमाळा
शब्द झकास आहे. पण कोड रिव्ह्यूत ताडून बघायला मूळ असतं कुठे? रिव्ह्यू करणारा कोड वाचतो आणि आपलं मत देतो. पेपर तपासणाऱ्याकडे निदान नमुना-उत्तर तरी असतं.

षटकोन
पोटमाळा, एरवीच्या कोडबद्दल तुमचं बरोबर आहे. नव्या प्रोसेसरचं तसं नाही, तिथे मूळ असतंच : प्रोसेसरचं मॅन्युअल. मी या कामाच्या आसपास असतो, म्हणून जरा खोलात जातो.

रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेचं उदाहरण घेऊ. ‘ए-झिरो रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या आकडा ठेवायच्या जागेत) १ मिळव’ ही सूचना मेमरीत चार बाइटांची होते आणि ते बाइट सोळाच्या पायावर असे लिहितात : १३ ०५ १५ ००. पाठवलेल्या कोडसोबत चाचणीची फाइल येते, तिच्यात सूचना आणि तिच्यासमोर अपेक्षित बाइट. रिव्ह्यू करणारा एका बाजूला मॅन्युअल उघडतो, सूचनेतला कुठला बिट कुठे पडतो ते पाहतो आणि बाइट जुळवतो. अशा शेकडो ओळी असतात. कंटाळवाणं काम आहे, पण बोरूबहाद्दर म्हणतात ती रुजुवात हीच.

यातली मेख पुढे आहे. एलएलव्हीएममध्ये सूचनांचा एक तक्ता लिहितात. त्याच तक्त्यावरून असेंबलरचा (सूचनेचे बाइट करणाऱ्याचा) भाग तयार होतो आणि डिसअसेंबलरचाही (उलटं करणाऱ्याचाही). तक्त्यात एखादा बिट चुकीच्या जागी लिहिला गेला तर दोघेही सारखेच चुकतात. सूचनेचे बाइट करा, बाइटांची पुन्हा सूचना करा, सगळं सुरळीत, चाचणी पास. नक्कल नकलेशी जुळली, मुळाशी कुणी ताडलीच नाही. म्हणून चाणाक्ष माणूस विचारतो, ‘हे अपेक्षित बाइट आणले कुठून?’ आपल्याच असेंबलरने छापलेले उचलून चाचणीत चिकटवले असतील तर ती चाचणी कुचकामी. मॅन्युअलवरून हाताने काढा, नाहीतर ज्या जुन्या असेंबलरला तो प्रोसेसर आधीपासून येतो त्याच्याकडून घ्या.

बिट चुकतात तरी कसे, तर रिस्क-फाइव्हमधल्या सशर्त उडीचं अंतर बघा. ते सूचनेत सलग लिहिलेलं नसतं, तुकडे करून विखुरलेलं असतं. अंतराचा ११ क्रमांकाचा बिट सूचनेच्या ७ क्रमांकाच्या जागी जाऊन बसतो. तो लिहायचा राहिला तरी पुढच्या दिशेने जवळच उडी मारणाऱ्या सगळ्या चाचण्या पास होतात, कारण तिथे तो बिट शून्यच असतो. मागे जाणारा साधा लूप आला, किंवा पुढची उडी २०४८ बाइटांवर गेली, की भलत्याच पत्त्यावर रवानगी. म्हणून रिव्ह्यूत हटकून मागणी येते की दोन्ही टोकं तपासा. बेरजेच्या सूचनेत -२०४८ ते २०४७ एवढेच आकडे मावतात. तेव्हा हे दोन्ही चालले पाहिजेत आणि २०४८ दिल्यावर असेंबलरने नकार दिला पाहिजे. २०४८ रजिस्टरमध्ये घालायचे तर आधी ४०९६ घालून मग २०४८ वजा करावे लागतात. हे कंपायलर नीट करतो की नाही, तेही बघतात.

कोकणकडा
षटकोन, छान उलगडलंत. पण रिव्ह्यू एवढ्यावर संपत नसणार. कोड नीट लिहिलाय का, दुसऱ्या प्रोसेसरांना धक्का लागतोय का, हे मॅन्युअलमध्ये कुठे मिळणार?

षटकोन
नाहीच मिळणार. नवा प्रोसेसर आणणाऱ्याला कुठेतरी सामायिक कोडला हात लावावासा वाटतो. त्याच्या दृष्टीने दोन ओळींचा बदल, पण तो इंटेल, आर्म सगळ्यांना लागू होतो. तिथे रिव्ह्यू करणारा विचारतो, ‘ही तुमच्या प्रोसेसरची गरज तुमच्याच फोल्डरात का भागत नाही?’ याचं उत्तर ताडून मिळत नाही, अनुभवाने ठरवावं लागतं. ही रुजुवात नव्हे. याला पारख म्हणा, परीक्षण म्हणा. टिपणात दोन शब्द ठेवा असं माझं मत : मॅन्युअलशी रुजुवात आणि रचनेचं परीक्षण. एकाच ‘रिव्ह्यू’ शब्दाखाली दोन्ही गेलं की मुलांना वाटतं, नावं बरोबर दिली आणि स्पेस नीट सोडल्या की झाला रिव्ह्यू.

मूळच उपलब्ध नसेल तर काय, याचाही विचार झालेला आहे. एलएलव्हीएमच्या नियमांत नव्या प्रोसेसरसाठी एक अट आहे : त्याची बरी कागदपत्रं हवीत, नाहीतर कुणालाही मिळेल असं हार्डवेअर किंवा सिम्युलेटर (प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) हवा, शक्यतो दोन्ही. ताडायला काहीच नसेल तर बाहेरच्या माणसाने रिव्ह्यू करायचा कसा?

लिंबोणी
अर्धविराम, टिपणात हेही घाला की हा सगळा कोड एका गठ्ठ्यात पाठवायचा नसतो. रिस्क-फाइव्हचे एलएलव्हीएमसाठीचे बदल २०१६ पासून लहान लहान तुकड्यांत आले. आधी नुसतं नाव आणि फाइलीत लिहायचा ओळख-क्रमांक (तो २४३ आहे), मग रजिस्टरं आणि सूचनांचे तक्ते, मग असेंबलर, आणि त्यानंतर सी भाषेतून आलेल्या कोडचं रूपांतर. बराच काळ त्याच्यावर ‘प्रायोगिक’ असा शिक्का होता, तो २०१९ च्या सप्टेंबरात ९ व्या आवृत्तीत निघाला. जीसीसीत रिस्क-फाइव्ह २०१७ मध्येच, ७ व्या आवृत्तीत आला होता.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या गटाने जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. त्यांत स्पिम या सिम्युलेटरसाठी जीसीसीला द्यायचं प्रोसेसरचं वर्णन असंच पायरीपायरीने वाढवत नेलेलं होतं. आधी जेमतेम चालेल एवढंच, मग एकेक सोय. मुलांना ते लवकर कळेल.

आता माझी शंका. रिव्ह्यूत जी मतं लिहितात त्यांना काय म्हणता?

बोरूबहाद्दर
शेरा! दुसरा शब्द शोधूच नका. फाइलीवर साहेब लिहितात तो शेरा, प्रगतिपुस्तकावर बाई लिहितात तोही शेरा. फक्त ‘शेरा मारला’ लिहू नका, त्यात टोमणा येतो. ‘शेरा दिला’, ‘शेऱ्याला उत्तर दिलं’, ‘सगळ्या शेऱ्यांची पूर्तता केली’ हे सगळं चालतं.

पोटमाळा
आणि शेवटी जे ‘एलजीटीएम’ (लुक्स गुड टू मी) लिहितात ते? माझ्या मते ‘हरकत नाही’.

लिंबोणी
पटत नाही. ‘हरकत नाही’ म्हणजे मी आडवी येणार नाही एवढंच. सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र देणारा तुमच्या घराच्या भिंती पक्क्या आहेत असं लिहून देत नाही. एलजीटीएम लिहिणारीने कोड वाचलेला असतो आणि उद्या काही बिघडलं तर तिलाही विचारतात. मी तिथे ‘रुजू’ लिहीन. बोरूबहाद्दरांच्या मोडी कागदावर शोभतो तसाच शोभेल.

बोरूबहाद्दर
वा! मी सुचवणारच होतो, पण म्हटलं जास्त होईल.

पोटमाळा
मान्य. मग ते ‘निट’? स्वल्पविराम राहिला, नाव जरा लांब झालं, अशा किरकोळ शेऱ्याच्या आधी लिहितात ते. इंग्रजीत निट म्हणजे लीख. ‘लीख : इथे एक स्पेस जास्त आहे.’

कोकणकडा
शी! जेवत होतो. ‘बारीकसं’ लिहा. ‘बारीकसं : इथे स्पेस जास्त आहे.’ आणि अशाच शेऱ्यांची रांग लावणाऱ्याला ‘कीस काढतोय’ म्हणायची सोय आहेच.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. आणखी एक शब्द अडलाय : मेंटेनर. आत गेलेला कोड पुढे सांभाळतो तो. ‘देखभालकर्ता’ लिहिलं तर सोसायटीचा वॉचमन वाटतो.

षटकोन
वाली. ‘या कोडला कुणी वाली नाही’ हे आपण एरवीही म्हणतो आणि इथे ते चपखल बसतं. वाली ठरल्याशिवाय नवा प्रोसेसर घ्यायचा नाही, असा दोन्ही कंपायलरांचा शिरस्ता आहे. जीसीसीत तर नवा पोर्ट (म्हणजे नव्या प्रोसेसरसाठीचा कोड) घ्यायचा का आणि त्याचा वाली कोण, हे सुकाणू समिती ठरवते. वाली गेला तर पुढे काय होतं, त्याचा दाखला पुण्याशी जोडलेला आहे. सीआर-१६ हा नॅशनल सेमीकंडक्टरचा १६ बिटांचा प्रोसेसर. त्याचा जीसीसीसाठीचा कोड पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने दिला होता, फाइलींच्या माथ्यावर तशी नोंद होती. रिव्ह्यू होऊन तो रीतसर आत गेला. काही वर्षांनी आधी ‘कालबाह्य’ म्हणून जाहीर झाला आणि मग काढून टाकला. न सांभाळलेल्या प्रोसेसरांचं असंच होतं. कंपायलरच्या आतली यंत्रणा बदलली की प्रत्येक प्रोसेसरच्या कोडला तो बदल करून घ्यावा लागतो, आणि ज्याला वाली नाही त्याच्यासाठी ते करणार कोण?

कोकणकडा
‘वाली’ लेखी टिपणात बोली वाटेल. पण ‘देखभालकर्त्या’पेक्षा शंभर पटींनी बरा.

अर्धविराम
घेतला. आता वाक्य असं होतंय : ‘नव्या प्रोसेसरसाठीच्या कोडची आधी मॅन्युअलशी रुजुवात घेतात, मग रचनेचे परीक्षण करतात, शेऱ्यांची पूर्तता झाली आणि वाली ठरला की कोड आत घेतात.’ ‘रुजुवात घेतात’ की ‘करतात’?

बोरूबहाद्दर
दोन्ही चालेल, मी ‘घेतात’ लिहीन. शब्द स्त्रीलिंगी आहे. जु ऱ्हस्व. आणि तो ‘रुजवात’ होणार नाही याकडे लक्ष ठेवा, मुद्रितशोधक हमखास ‘सुधारतात’.