शब्दचर्चा : शस्त्रसंधी, युद्धविराम, युद्धबंदी, तह

१० मे २०२५, शनिवार. संध्याकाळी पाचपासून भारत आणि पाकिस्तान यांच्यातला गोळीबार थांबल्याची बातमी आली. रविवारी सकाळी आमच्याकडे येणाऱ्या दोन मराठी वर्तमानपत्रांपैकी एकात मथळा ‘शस्त्रसंधी’, दुसऱ्यात ‘युद्धविराम’. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर ‘युद्धबंदी’. माझी आठवीतली भाची सुट्टीला आली होती. पेपर चाळता चाळता तिनं विचारलं, “आत्या, शस्त्रसंधी म्हणजे शस्त्रं वापरायची संधी का गं?”

मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला. आजच्या मराठीत संधी म्हणजे चालून आलेली वेळ. नोकरीची संधी, हुकलेली संधी. जोडणं हा मूळ अर्थ आता व्याकरणातल्या स्वरसंधीत, गुडघ्याच्या संधिवातात आणि संधिप्रकाशात तेवढा उरलाय. राजकारणातला अर्थ त्याहूनही मागे पडला. कौटिल्यानं परराष्ट्रधोरणाचे सहा गुण सांगितले, त्यांत पहिला संधी आणि दुसरा विग्रह, म्हणजे युद्ध. जुन्या ताम्रपटांत हा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं पदच ‘सांधिविग्रहिक’. तेव्हा शस्त्रसंधी म्हणजे दोन्ही बाजूंनी अटी ठरवून शस्त्रं खाली ठेवणं. हिंदीत संधि म्हणजे आजही करारच, त्यामुळे तिकडच्या मुलांना हा प्रश्न पडत नाही. आपल्या मुलांना पडतो, कारण आपण शब्द ठेवला आणि त्याचा अर्थ मात्र दुसरीकडे जाऊ दिला.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. हे शब्द माझ्या हाताखालून सतत जातात आणि लिहिणारे ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. म्हणून इथे चर्चेला घेतेय.

युद्धबंदीत गोंधळ सगळ्यात जास्त. आपल्याकडे दारूबंदी, नोटाबंदी, तशी युद्धबंदी: युद्ध बंद करणं. पण हिंदीत युद्धबंदी म्हणजे युद्धात पकडलेला सैनिक, आपला युद्धकैदी. १९७१च्या युद्धावरचा हिंदीतून मराठीत आलेला एक मजकूर माझ्याकडे तपासायला होता. त्यात वाक्य होतं, ‘भारताकडे ९३ हजार युद्धबंदी होते.’ मराठी वाचकानं याचा काय अर्थ लावायचा? मी ‘युद्धकैदी’ केलं आणि समासात कारण लिहून ठेवलं. तेव्हापासून अनुवादात ‘युद्धबंदी’ दिसला की मी मूळ भाषा कोणती ते आधी विचारते. एरवी हा शब्द मला आवडतो. काश्मिरात १ जानेवारी १९४९पासून लढाई थांबली आणि त्याच वर्षी जी रेषा आखली गेली, तिला आपल्या आधीच्या पिढीनं ‘युद्धबंदी रेषा’ म्हटलं. वाचल्याबरोबर कळतं. १९७२च्या सिमला करारानंतर ती नियंत्रण रेषा झाली. (नियंत्रण रेषा पाकिस्तानच्या बाजूची, प्रत्यक्ष नियंत्रण रेषा चीनच्या बाजूची. आपल्या बातम्यांत दोन्हींना सर्रास ‘ताबारेषा’ म्हणतात आणि लडाखची बातमी आहे की पूंछची, हे दुसरा परिच्छेद वाचेपर्यंत समजत नाही.)

युद्धविराम कानाला गोड आहे, पण विरामाचे प्रकार आम्हा मुद्रितशोधकांना विचारा. स्वल्पविरामानंतर वाक्य पुढे चालू राहतं, पूर्णविरामानंतर संपतं. नुसत्या ‘विरामा’वरून यातलं कोणतं, ते कळायला मार्ग नाही.

आणि तह. हिंदीत तह म्हणजे घडी किंवा थर. भांडण मिटवून लेखी ठरवलेला निकाल, हा अर्थ आपल्या मराठीचा. पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह: गावाच्या नावाला ‘चा’ लावला की झालं. पहिलं महायुद्धसुद्धा आपण शाळेत व्हर्सायच्या तहानं संपवलं. पण ताश्कंद आणि सिमला यांना कोणी तह म्हणत नाही, करार म्हणतात. ते योग्यच आहे असं मला वाटतं, कारण १९६६चा ताश्कंदचा कागद स्वतःला जाहीरनामा म्हणवतो आणि सिमल्याचा करार. दोन्हींपैकी कशानंही मूळ वाद मिटवलेला नाही.

तह हा टप्प्याटप्प्यानं होतो, हे आमच्या पुण्याला जुनं माहीत आहे. सालबाईचा तह ग्वाल्हेरजवळ १७ मे १७८२ला झाला, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं. पुण्यातून नाना फडणविसांची मंजुरी मिळाली ती फेब्रुवारी १७८३मध्ये. मधले नऊ महिने तह लिहिलेला होता, पण पुरा झालेला नव्हता. कोरियात तर उलट्या बाजूनं हेच आहे. २७ जुलै १९५३ला शस्त्रसंधी झाली, तह आजतागायत नाही. तिथे ‘शस्त्रसंधी’ चपखल बसतो: सह्या आहेत, अटी आहेत, फक्त शांतता ठरलेली नाही.

मग १० मेला झालं ते काय? परराष्ट्रमंत्र्यांनी त्या दिवशी वापरलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सहमती किंवा समजूत असा होता: गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवण्याबाबत झालेली. संपूर्ण आणि तातडीच्या युद्धबंदीची भाषा होती ती अमेरिकेच्या अध्यक्षांची. आपल्या सरकारनं शब्द तोलून वापरला होता आणि मराठी मथळ्यांनी तो तोल राखला नाही, ही माझी तक्रार आहे. ‘गोळीबार थांबवण्यावर सहमती’ एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. मथळा लांब होतो, मान्य. पण मथळ्याच्या रुंदीसाठी एका देशाची भूमिका बदलून द्यायची का?

तुम्ही कोणता शब्द वापरता आणि का, ते लिहा.

निवृत्त सुभेदार, खडकी :
ताई, नमस्कार. आम्ही सरळ ‘सीझफायर’ म्हणायचो. मी नियंत्रण रेषेवर होतो. नोव्हेंबर २००३मध्ये सीझफायर झालं, त्याआधीची आणि नंतरचीही ड्यूटी केलीय. फरक सांगतो. आधी पाण्याचा कॅन आणायला अंधार पडायची वाट बघायला लागायची. नंतर दुपारी उन्हात उभं राहून दाढी करता आली. गावातली माणसं कुंपणाजवळच्या शेतात मका कापायला लागली. तुम्ही म्हणता सह्या आणि अटी असल्या तरच शस्त्रसंधी. पण ते तर तोंडीच ठरलेलं होतं, आणि तरी टिकलं बरीच वर्षं. पुढे बिघडलं, मग फेब्रुवारी २०२१मध्ये दोन्हीकडच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, पुन्हा ठरवलं. पेपरवाले इतकी वर्षं ‘शस्त्रसंधीचं उल्लंघन’ लिहितात, आम्हाला ते कळतं. चालू द्या की.

कोथरूडहून :
माझे आजोबा टिळक रोडला राहायचे. १९६५ सालची आठवण सांगताना ते ‘युद्ध तहकूब झालं’ म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, यात ‘तह’ आहे म्हणजे तह झाला. हा शब्द कुठे गेला?

मूळ लेखिका :
सुभेदारसाहेब, दाढीचं वाचून मी दोन मिनिटं थांबले. तुमचं म्हणणं पटतं. २००३चं ज्याला लोक वीस वर्षं शस्त्रसंधी म्हणत आले, त्याला मी आता दुसरं नाव देणार नाही, रुळलेला शब्द उपटू नये. माझा आग्रह नव्या घटनेला पहिल्या दिवशी नाव देताना आहे, कारण पहिल्या दिवशीचा मथळाच पुढे रुळतो.

कोथरूडकर, आजोबांनी नेमका शब्द दिला! सभा तहकूब होते, खटला तहकूब होतो, आणि पुन्हा भरेल हे सगळ्यांना ठाऊक असतं. महापालिकेची सभा तहकूब झाली म्हणजे महापालिका बरखास्त झाली, असं कोणी समजत नाही. २०२५च्याच वसंतात याची किती गरज होती पाहा. २३ एप्रिलला भारतानं १९६०चा सिंधू जलकरार स्थगित ठेवला आणि दुसऱ्या दिवशी अर्धं पुणे ‘करार रद्द केला’ म्हणत होतं. त्या कराराच्या शेवटच्या कलमात एकट्या देशानं बाहेर पडायची सोयच नाही. दोन्ही सरकारांनी दुसरा करार करूनच तो संपवता येतो. म्हणून रद्द नव्हे, तहकूब. लष्करी कारवाईही फक्त स्थगित केली आहे, असं पंतप्रधान १२ मेला म्हणाले होते. तिथेही आजोबांचा शब्द बसला असता.

भाचीलाही काल हाच सांगितला. तिला शाळेतली सभा आठवली, लगेच कळलं. लिहिताना एक सांभाळा: ‘तहकूब’मध्ये कू दीर्घ, ‘युद्धतहकुबी’ केलंत की कु ऱ्हस्व.