लिहिलेले दुसऱ्याला दाखवावेच का?

खानदेशकन्या:
“खरा लिहिणारा स्वतःपुरता लिहितो, लगेच दाखवत सुटणाऱ्यांना टाळ्या हव्या असतात,” हे सातारकरांचे विधान वाचून राहवले नाही. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. घरकाम आणि शेतकाम करताना त्या जे गात, ते त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी उतरवून ठेवले, १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती गाणी छापली गेली. ते कागद घरातच पडून राहिले असते तर? माझी आई दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर ओव्या लिहीत असे. ती वही रद्दीत गेली.

सातारकर:
ताई, हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. बहिणाबाईंनी छापण्यासाठी कोणाकडे आर्जव केले नव्हते. वाचक डोळ्यांपुढे नव्हता, म्हणूनच ती गाणी इतकी निखळ राहिली. माझ्या वडिलांची रोजनिशी त्यांच्या माघारी नातेवाइकांत फिरली. काकांविषयी रागाच्या भरात लिहिलेल्या चार ओळींपायी दोन घरांचे येणे-जाणे आजही बंद आहे.

खानदेशकन्या:
वाचक नसेल, पण ऐकणारी होती. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असत आणि एकीने ओवी धरली की दुसरी ती पुढे नेत असे. तुमच्या घरी घडले ते वाईटच, परंतु रोजनिशी आणि ओवी एका मापाने मोजू नका.

मुद्रितशोधक:
टाळ्यांवर एवढा वाद चालला आहे, मानधनाविषयी कोणी का बोलत नाही? १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची दिवाळी अंकांची परंपरा आपण अभिमानाने सांगतो, पण एका अंकाने माझ्याकडून कथा मागून घेतली, पुन्हा पुन्हा दुरुस्त करून घेतली आणि मानधन म्हणून अंकाची एक प्रत धाडली, तीही टपालखर्च माझ्याकडून घेऊन. ‘आपण हौसेने लिहिता’ हे वाक्य कागदवाल्याला किंवा बांधणीवाल्याला कोणी ऐकवत नाही.

सातारकर:
पैशांसाठी लिहायचे असेल तर तो धंदा झाला.

मुद्रितशोधक:
हा शब्द आपण मागे घ्यावा. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, त्याला स्वतःपुरते लिहिणे परवडते. रात्रपाळी करून आलेला माणूस झोप मोडून लिहितो, तेव्हा त्याने ते कोणाला दाखवू नये आणि दाखवलेच तर मोबदला मागू नये, ही अपेक्षा क्रूर आहे. अंकाला जाहिराती मिळतात त्या मजकुरामुळेच ना?

खानदेशकन्या:
मुद्रितशोधकांशी मी पूर्ण सहमत आहे. ओव्या रचणाऱ्या बायकांना तर नावही मिळाले नाही.

सातारकर:
‘धंदा’ हा शब्द मागे घेतो. जात्यापाशी ऐकणारी असे, हेही मान्य, पण तेवढेच. ओवी म्हणणाऱ्या बाईने ऐकणारी स्वतः निवडलेली असे. माझ्या वडिलांना ती निवड मिळाली नाही. लिहिणाऱ्याच्या इच्छेवाचून त्याचे कागद उघडायला माझा विरोध कायम आहे.

मुद्रितशोधक:
कायद्याने लिखाणाचे हक्क लिहिणाऱ्याच्या माघारी वारसांकडे जातात. तेव्हा आपल्या कागदांचे काय करायचे, हे प्रत्येकाने हयातीतच लिहून ठेवावे, आणि छापायचे ठरले तर मानधन कोणाला द्यायचे तेही.