एप्रिलमध्ये नको, सप्टेंबरमध्ये ये

बंटी: ताई, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बॉस्टनचं तिकीट स्वस्त दिसतंय. काढून टाकू? पण व्हरमाँटला सायकल चालवायचीच आहे हां.

मी: थांब, काढू नकोस! एप्रिलमध्ये तिकडे बर्फ वितळतो आणि वाटांचा नुसता राडा होतो. त्या दिवसांना तिथे मड सीझनच म्हणतात. किंगडम ट्रेल्स म्हणजे तिथल्या रानातल्या सायकलवाटा, त्या तेव्हा बंद असतात. भिजलेल्या मातीत चाकाने चर पडला की पुढचं पाणी त्याच चरातून धावतं आणि वाट धुपते. सप्टेंबरअखेर ये. माती घट्ट असते आणि मेपलची झाडं लाल व्हायला लागलेली असतात.

आई: अगं, सायकलच चालवायची तर सिंहगडचा घाट आहे की इथे.

मी: आई, घाट डांबरी आहे गं. तिकडे रानातून जेमतेम एक सायकल जाईल एवढीच वाट, आणि अशा वाटांचं जाळं १६० किलोमीटरहून मोठं. साइडवाइंडर नावाची वाट एका घळीतून उतरते. एका काठावर चढायचं, वळायचं, त्याच वेगात समोरच्या काठावर. मागच्या वर्षी मी ती लागोपाठ तीनदा केली. वर डार्लिंग हिल नावाच्या टेकडीवर आलं की मोकळी कुरणं आणि समोर बर्क डोंगर. मला तर तिथून निघवत नव्हतं.

अप्पाकाका: जमीन कुणाची ही? जंगल खात्याची?

मी: काका, बरं विचारलंत. बहुतेक सगळी खासगी आहे. नव्वदच्या आसपास जमीनमालक आहेत, त्यांनी आपापल्या रानातून जाऊ दिलंय. १९९४ पासून तिथल्या बर्क गावातली एक संस्था वाटा सांभाळते. आपण पास काढतो, तो पैसा डागडुजीला जातो.

अप्पाकाका: आणि एखाद्याने नाही म्हटलं तर?

मी: म्हटलंच ना. २०१९ च्या शेवटी तिघांनी सायकली बंद केल्या. बर्क म्हणजे दीड-दोन हजार वस्तीचं गाव, तिथे वर्षाला सायकलवाल्यांच्या लाखाच्या वर फेऱ्या होत होत्या. डार्लिंग हिलवरच्या काही वाटा, लोकांच्या आवडत्या, एका झटक्यात गेल्या. आपल्याकडे वहिवाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, तिथे तसं नाही. मालकाची मर्जी आहे तोवरच वाट.

अप्पाकाका: चुकलं नाही त्यांचं. ओढ्याकडच्या बांधावरून किल्ल्याला जाणारी पोरं यायची, मी कधी अडवलं नाही. मग एका पावसाळ्यात भुईमूग तुडवला, कवाड उघडं टाकलं, गाय रात्रभर बाहेर. दुसऱ्या दिवशी बाभळीचे काटे टाकले मी.

बंटी: काका, मी नाही हो तसं करणार.

मी: म्हणूनच आधी सांगते. वाटेवर घोडा दिसला तर थांबायचं, उतरायचं, हळू आवाजात बोलायचं. अचानक मागून सायकल आली की घोडा बिथरतो. चढून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. शेताच्या कडेला गाडी लावायची नाही, ठरलेल्या जागीच. हेल्मेट लागतंच. पहिल्या दिवशी हिरव्या गोलाच्या खुणेच्या सोप्या वाटा, दुसऱ्या दिवशी निळ्या चौकोनाच्या मध्यम. काळ्या हिऱ्याच्या खुणेच्या अवघड वाटांकडे या वेळी वळायचंच नाही.

आई: किती लांब आहे गं? रात्री गाडी चालवू नका.

मी: बॉस्टनहून तीन तास, आई. सकाळीच निघू. एक रात्र गावातच राहायचं ठरवलंय, पैसे तिथल्याच लोकांना मिळतील.

अप्पाकाका: ती मेपलची काकवी तिकडचीच ना?

मी: हो काका! चाळीस लिटर रस आटवला की लिटरभर. आपल्या गुऱ्हाळासारखाच वास सुटतो. बंटीबरोबर तुम्हाला बाटली पाठवते.

बंटी: २४ सप्टेंबरचं बघतोय. दोनशे डॉलर जास्त आहे, पण काढतो.

मी: काढ. आणि तुझी उंची कळव, सायकल त्या मापाची सांगून ठेवते.

बंटी: ५ फूट ८.