पायाच्या हाडांची लांबी आणि मांडीची ताकद

अनिरुद्ध: व्यायामशाळेतील कालचा वाद अर्धवट राहिला, म्हणून येथे विचारतो. पायाची हाडे जितकी लांब तितकी मांडी बळकट, आणि पुरुषांच्या पायांत जोर अधिक असतो तो त्यामुळेच, असे एका सभासदांचे ठाम म्हणणे होते. मीनलताई, तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात. यात तथ्य किती?

मीनल: निरीक्षण बरोबर आहे, कारण मात्र चुकले आहे. मांडीच्या पुढील क्वाड्रिसेप्स हा चार स्नायूंचा गट गुडघ्याच्या वाटीमार्गे नडगीच्या हाडाला जोडलेला असतो आणि त्याची ओढ मुख्यतः तंतूंच्या एकूण छेदक्षेत्रावर, म्हणजे ढोबळमानाने स्नायूच्या जाडीवर, ठरते. उंच व्यक्तींचे स्नायू लांबीबरोबर जाडीनेही बहुधा मोठे असतात, त्यामुळे लांब हाडे आणि अधिक ताकद एकत्र आढळतात आणि श्रेय हाडाला मिळते.

लांब नडगीचा यंत्रावर तर तोटाच होतो. बसून पाय सरळ करण्याच्या यंत्राची गादी घोट्याच्या थोडी वर टेकते. स्नायूंनी गुडघ्याभोवती १५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे सांधा फिरवणारा जोर, निर्माण केला आणि गादी गुडघ्यापासून ३० सेंटिमीटरवर असली, तर तिच्यावर ५०० न्यूटन बल पडते. ती ४० सेंटिमीटरवर असली, तर तेवढ्याच टॉर्कमधून ३७५ न्यूटनच मिळते. म्हणून दोघांची तुलना टॉर्कवरून करावी, गादीवरील बलावरून नव्हे. (व्यायामशाळेतील बढाया मात्र किलोंतच चालतात!)

शोभाकाकू: मग स्त्री-पुरुषांतील फरक येतो कुठून?

मीनल: काकू, बहुतांशी स्नायूंच्या वस्तुमानातून. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचे स्नायू अधिक भरतात. मुलींच्या हाडांची वाढ लवकर थांबते, त्यामुळे त्यांचे पाय सरासरीने आखूड राहतात. म्हणजे लांबी आणि ताकद या दोन्हींतील फरकांची मुळे वयात येण्याच्या काळात आहेत. एकामुळे दुसरा होतो असे नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ४६८ प्रौढांच्या एमआरआय पाहणीत स्नायूंचे सरासरी वस्तुमान पुरुषांत ३३ आणि स्त्रियांत २१ किलो आढळले, आणि ही तफावत कमरेखाली वरच्या अंगापेक्षा कमी होती. समान छेदक्षेत्राच्या स्नायूची ओढ पाहिली, तर दोघांत फारसा फरक उरत नाही.

अनिरुद्ध: उठाबशा काढताना मी फार पुढे झुकतो, असे प्रशिक्षक सांगतात. तो दोष मांडीतील अशक्तपणाचा की हाडाचा?

मीनल: तुमची मांडी धडाच्या मानाने लांब दिसते, तेव्हा हाडाची शक्यता मोठी आहे. मांडीचे हाड लांब असले की खाली बसताना कंबर अधिक मागे जाते आणि तोल सांभाळण्यासाठी धड पुढे न्यावेच लागते, त्यात पाठीवर व नितंबांवर भार वाढतो. टाचांखाली पातळ फळी ठेवून आणि पावले थोडी रुंद घेऊन पाहा. झुकणे कमी झाले, तर प्रशिक्षकांना तसे दाखवा.

शोभाकाकू: माझा पाय आखूड आहे, पण खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो.

मीनल: काकू, त्यात पायाच्या लांबीकडे पाहू नका. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा उठता येते ते शेजारी कोणी उभे असतानाच मोजा. गुडघा दुखू लागला तर लगेच थांबा आणि आकडा मला कळवा. व्यायाम त्यावरून ठरवू.