हुजूर पक्ष, मजूर पक्ष: ही जोडी अजून चालवायची का?

विचारणा

नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनवर मुलांसाठी मराठीत टिपणं काढायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडले. १९४५ च्या निवडणुकीत चर्चिल हरले, ॲटली जिंकले, एवढं लिहिताना हात आपसूक चर्चिलांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला 'हुजूर पक्ष' आणि ॲटलींच्या लेबर पक्षाला 'मजूर पक्ष' लिहून गेला. वडील सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे, तेव्हापासून ही नावं कानात आहेत. वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ते लोक स्वतःला हुजूर म्हणवून घेतात का?" मी गप्प झाले. हे भाषांतर आहे की आपण ठेवलेलं नाव? टिपणांत ठेवू की 'कॉन्झर्व्हेटिव्ह' लिहू?

उत्तर

ताई, मुलीनं नेमकं बोट ठेवलंय. नाही, म्हणवून घेत नाहीत. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे आहे ते जपणारा, त्यात हुजूर कुठंच नाही. त्यांचं जुनं नाव 'टोरी' तर आयरिश भाषेतून आलेलं. मूळ अर्थ लुटारू, रानावनात दडून राहणारा. सतराव्या शतकात विरोधकांनी शिवी म्हणून ते चिकटवलं आणि ते अंगाला चिकटूनच राहिलं. 'हुजूर' हे आपल्याकडचं वर्णन आहे: उमराव-जमीनदारांचा, दरबाराकडचा पक्ष. मजूरशी यमक जुळलं, मथळ्यात बसलं, म्हणून टिकलं.

पण शब्द म्हणून ही जोडी फार सुंदर आहे, मुलांना जरूर सांगा. हुजूर अरबी, मूळ अर्थ उपस्थिती, समक्षता. हजर आणि हजेरी त्याच धातूचे. पेशवाईत हुजूर म्हणजे खुद्द धनी. पुण्यातली हुजूरपागा म्हणजे खुद्द पेशव्यांची पागा. त्या धन्यासमोर हात जोडून उभा राहणारा तो हुजऱ्या. म्हणजे मालक आणि त्याचा चाकर, दोघांची नावं एकाच मुळातून आली. मजूर फारसीतून आला, 'मुज्द' म्हणजे कामाचा मोबदला. बांधकामावर मुकादम सकाळी वही उघडून मजुरांची हजेरी मांडतो ना, त्या वहीच्या एकाच ओळीत हुजुराचं मूळ आणि मजूर शेजारी शेजारी बसलेले असतात.

आता इतिहास. १९४५ मध्ये मतदान ५ जुलैला झालं, पण सैनिकांची मतं परदेशातून यायची होती, म्हणून निकाल २६ जुलैला लागला. ६४० पैकी ३९३ जागा मजूर पक्षाला. त्या मंत्रिमंडळात अन्यूरिन बेव्हन होते, वेल्समधल्या ट्रेडेगरचे, तेराव्या वर्षी शाळा सोडून कोळशाच्या खाणीत उतरलेले. ५ जुलै १९४८ ला त्यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, दवाखान्याच्या दारात कुणाला पैसे विचारले जाऊ नयेत म्हणून. इथं 'मजूर' हा शब्द शंभर टक्के खरा आहे. पंतप्रधान ॲटली मात्र हेलिबरी आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेले. हेलिबरीची ती शाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या कॉलेजच्या जागेवर उभी आहे, कंपनीचे साहेब जिथं तयार होत तिथं.

हुजूर पक्षाचं उलटं झालं. १९६३ मध्ये पंतप्रधान झाले ते ॲलेक डग्लस-ह्यूम. ह्यूम घराण्याचे चौदावे अर्ल होते, उमरावकी सोडून ते खालच्या सभागृहात आले. तोवर त्या पक्षात नेता मतदानानं निवडलाच जात नसे, ज्येष्ठ मंडळी आपसात ठरवत. इथवर 'हुजूर' चपखल बसतो. पण १९६५ मध्ये खासदारांनी पहिल्यांदा मतं देऊन नेता निवडला, तो एडवर्ड हीथ, सुताराचा मुलगा. त्यांच्यानंतर मार्गारेट थॅचर, ग्रँथमच्या किराणा दुकानदाराची मुलगी. त्यांच्यानंतर जॉन मेजर, त्यांचे वडील सर्कशीत आणि रंगमंचावर कामं करायचे. थॅचरबाईंना हुजूर पक्षाच्या म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर गढीवरची बाई येते, आणि मग १९७९ मध्ये दक्षिण इंग्लंडातल्या कितीतरी कुशल कामगारांनी त्यांना मत का दिलं, हे त्यांना कळणारच नाही.

माझं म्हणणं असं: पहिल्यांदा 'कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतला हुजूर पक्ष' असं लिहा, पुढं कॉन्झर्व्हेटिव्ह. मजूर पक्ष मात्र तसाच ठेवा.

प्रतिसाद

मजूर तरी का ठेवायचा, काका? आमच्याकडं मजूर म्हणजे रोजंदारीवरचा, बिगारी. खाणीतला, रेल्वेतला, गिरणीतला तो कामगार. 'कामगार पक्ष' जास्त बरोबर नाही का?

उत्तर

आजच्या कानाला तुम्ही म्हणता तसंच वाटतं. पण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मुंबईत पक्ष काढला, त्याचं मराठी नाव 'स्वतंत्र मजूर पक्ष'. इंग्रजी नाव 'इंडिपेंडंट लेबर पार्टी', ब्रिटनमधल्या १८९३ च्या त्याच नावाच्या पक्षाचंच. त्या 'मजूर'मध्ये गिरणी कामगार होता, खोताच्या जमिनीवर राबणारं कूळ होतं, भूमिहीन शेतमजूर होता. मराठीत या शब्दाला एवढी ऐसपैस जागा बाबासाहेबांच्या पक्षानं करून दिलीय. ती आपण आकसून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

विचारणा

पटलं, काका. आणखी एक. खाणी बंद करण्याविरुद्ध ब्रिटनच्या खाणकामगारांनी १९८४-८५ मध्ये जो संप केला, त्या लढ्यावर पान लिहिलंय. शेवटी मी लिहिलं, 'वर्षभरानं संप मिटला.' वाचताना काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही.

उत्तर

खटकतंय ते बरोबरच आहे. आधी 'संप' बघा. गुजरातीत संप म्हणजे एकी, सलोखा, आणि काम बंद पाडणं म्हणजे हडताळ. मराठीत मात्र एकी करून काम थांबवणं म्हणजेच संप. म्हणून आपण 'संप फुटला' म्हणतो. फुटते ती एकी.

यात गुजरातीचा संबंध नुसता कोशातला नाही. १९७६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या विल्सडेन भागात ग्रनविक या फोटो धुऊन देणाऱ्या कारखान्यातून जयाबेन देसाई बाहेर पडल्या. मूळच्या गुजरातच्या, टांझानियामार्गे ब्रिटनला गेलेल्या. सोबतच्या बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय बायका, साड्या नेसून फाटकावर उभ्या. १९७७ च्या जूनमध्ये यॉर्कशायरचे खाणकामगार बसगाड्या भरून त्यांच्या पाठीशी आले, पुढं त्यांचे नेते आर्थर स्कारगिल. १९७८ मध्ये या बायकांना मागण्या मान्य न होताच लढा थांबवावा लागला. पण गोऱ्या खाणकामगारांनी साडीतल्या बायकांसाठी फाटक अडवणं, हे ब्रिटनमध्ये तोवर फारसं कुणी पाहिलं नव्हतं. दोन्ही भाषांतला संप तिथं एकाच वेळी होता. हे मुलांना सांगायला विसरू नका.

आता तुमचं वाक्य. 'मिटला' म्हटलं की तडजोड झाली, दोन्ही बाजूंनी काहीतरी मान्य केलं, असं ऐकू येतं. १९८५ च्या मार्चमध्ये कसलाही करार झाला नाही. ३ मार्चला युनियनच्या प्रतिनिधींनी काठावरच्या बहुमतानं, काहीही पदरात न पडता, कामावर परतायचं ठरवलं. तेव्हा 'मागे घेतला' लिहा.

नॉटिंगहॅमशायरपुरतं 'फुटला' लिहिलं तर चालेल असं वाटेल, पण तिथले बहुतेकजण पहिल्यापासूनच कामावर होते. देशभर मतदान न घेता पुकारलेला संप त्यांनी मानलाच नाही. तिथं एकी झालीच नव्हती, मग फुटणार काय?

आणि वेल्समधल्या मेर्डीला तर 'फुटला' हा शब्द मुळीच लावू नका. तिथला एकही माणूस वर्षभरात फाटक ओलांडून आत गेला नाही. ५ मार्चला पहाटे ते सगळे मिळून, बँड पुढं आणि युनियनचा झेंडा घेऊन, खाणीकडं चालत गेले. बायका-मुलं रस्त्याच्या कडेला. त्या पानावर 'मेर्डीचे लोक कामावर परतले' एवढंच लिहा.