मदत हवी आहे: अल्जिनेट बीड्समधून डायक्लोफिनॅक तासाभरात बाहेर!

कृष्णाकाठ_फार्मा:
एम.फार्म.चं काम, सांगली. सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातला चिकट पदार्थ) डायक्लोफिनॅक सोडियम (वेदनाशामक) घालून कॅल्शियम क्लोराइडात बीड्स, म्हणजे घट्ट मणी, पाडतोय; विषय मायक्रोपार्टिकलचा (अतिबारीक कण). रिलीज (औषध बाहेर पडणं) ८ तास चालायला हवा, तासात सगळं बाहेर. सोमवारी दाखवायचंय, लवकर सांगा.

मिरजवाला:
कुठल्या द्रवात बाहेर? प्रमाण किती? सुई कुठली?

कृष्णाकाठ_फार्मा:
अल्जिनेट २%, औषध १%, कॅल्शियम क्लोराइड ५%, त्यात २० मिनिटं. सुई २२ नंबर. आधी जठरासारख्या अ‍ॅसिडमध्ये मस्त आहे, २ तासांत ४%च; पुढच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारा द्रव) तासात सगळं.

मिरजवाला:
त्या ४ टक्क्यांत बीड्सची कर्तबगारी शून्य. डायक्लोफिनॅक अ‍ॅसिडमध्ये जवळजवळ विरघळतच नाही, नुसती पावडर टाकलीस तरी आकडा कमीच येईल. पुढचा बफर कुठला?

वारणेचा_वाघ:
२२च्या सुईने मिलिमीटरभराचे मणी पडतात, त्यांना मायक्रोपार्टिकल कसं म्हणणार? लिक्विड पॅराफिनमध्ये स्पॅन ८० (तेल-पाण्याचं मिश्रण टिकवणारा पदार्थ) घालून इमल्शन करा.

मिरजवाला:
आणखी बारीक केले तर पृष्ठभाग वाढून रिलीज अजून लवकर होईल. त्याचं दुखणं काय, औषध काय!

कृष्णाकाठ_फार्मा:
बफर नेहमीचाच हो. फॉस्फेट, पीएच ६.८.

मिरजवाला:
तिथंच ग्यानबाची मेख. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, त्यानं बांधलेल्या अल्जिनेटच्या साखळ्या सुटतात, बीड फुगून फुटतो. त्याआधी अ‍ॅसिडनं कॅल्शियम काढलेलंच असतं. अ‍ॅसिड वगळून ताजे बीड्स पीएच ७.४ला एकदा फॉस्फेटमध्ये, एकदा ट्रिसमध्ये (फॉस्फेट नसलेला बफर) टाक. ट्रिसमध्ये टिकले की चोर सापडला. मग कायटोसानचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासूनचा पदार्थ) लेप: १% अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये ०.५%, पीएच ५पर्यंत आणून अर्धा तास भिजव, धुऊन ४० अंशांवर वाळव.

वारणेचा_वाघ:
लेपापेक्षा ग्लुटाराल्डिहाइड (साखळ्या जोडणारं रसायन) पक्कं.

मिरजवाला:
आणि उरलेलं विष पोटात कोण घेणार?

हळदीपेठ:
सांगलीत राहून डायक्लोफिनॅक कशाला? हळदीतलं कर्क्युमिन घ्या की.

मिरजवाला:
७.४च्या फॉस्फेटमध्ये ते अर्ध्या तासात बहुतेक नासतं. रिलीज मोजणार कशाचा?

बोरगावकर:
बोअरचं पाणी वापरू नका. त्यातल्या कॅल्शियमनं अल्जिनेटच्या आधीच गुठळ्या होतात.

कृष्णाकाठ_फार्मा:
डिस्टिल्डच आहे हो. आत्ता बघितलं, भांड्याच्या तळाला पांढरा गाळ आहे.

मिरजवाला:
कॅल्शियम फॉस्फेट असणार. वरचं ओतून दे, गाळ दोनदा धू, मगच पातळ एचसीएलचे (हायड्रोक्लोरिक आम्ल) थेंब टाक, विरघळायला हवा. थेट भांड्यात टाकशील तर अल्जिनिक अ‍ॅसिड आणि डायक्लोफिनॅक दोन्ही खाली बसतील आणि गाळ वाढलेलाच दिसेल. आणि २७६ नॅनोमीटरला यूव्ही रीडिंग घेण्याआधी ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर लावतोस ना? गढूळपणाही प्रकाशाच्या शोषणातच मोजला जातो, म्हणजे औषध आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

कृष्णाकाठ_फार्मा:
फिल्टर नाही लावला.