सेवा क्लबने स्वतः राबावं की पैसे देऊन बाजूला व्हावं?

तळहात (धागालेखक)

सहा वर्षं एका सेवा क्लबचा सभासद आहे. क्लबचं नाव सांगत नाही, कारण रोटरी, लायन्स, किवानीस, कुठलाही घेतला तरी चित्र फारसं बदलणार नाही.

मागच्या महिन्यात वेगळ्याच कामासाठी एका शाळेत गेलो होतो. चार वर्षांपूर्वी आम्ही तिथे पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं. फोटोत मीही आहे, फीत कापणाऱ्यांच्या मागे अर्धा दिसतो. भिंतीवर काळ्या दगडाचा फलक, त्यावर अध्यक्ष, सचिव आणि प्रकल्पप्रमुख अशी तीन नावं, सोनेरी अक्षरात, अजून चकचकीत. त्याच्या खाली नळ कोरडा ठणठणीत. यंत्राची वायर गुंडाळून वरच ठेवलेली. शिपाई म्हणाला, "फिल्टर एकदा बदलला होता, तोही सरांनी खिशातून."

दोष कुणा एकाचा नाही, रचनेचाच आहे. आमचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. नव्या अध्यक्षाला 'आपला' प्रकल्प हवा असतो. मागच्या अध्यक्षाचा प्रकल्प म्हणजे सावत्र लेकरू, त्याच्या औषधपाण्याचा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं: वस्तूवाटप आणि एका दिवसाची श्रमदानं बंद करा. जमलेला सगळा पैसा त्या विषयात बारा महिने राबणाऱ्या एखाद्या संस्थेला द्या, सलग तीन वर्षं, तिलाच. फलक नको. आता फोडा मला.

माजी सचिव

फोडतोच. एका वर्षाच्या अध्यक्षपदामुळे काम टिकत नाही म्हणता, पण याच क्लबांनी पोलिओचं काय केलं ते विसरलात. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपाइन्समधल्या सुमारे ६० लाख मुलांच्या लसीकरणाचं काम अंगावर घेतलं. १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' ही रोटरीची जगभरची पोलिओ मोहीम सुरू झाली. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंबरोबर जागतिक मोहीम उभी राहिली, तेव्हा १२५ देशांत हा आजार ठाण मांडून होता आणि वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. आज नैसर्गिक विषाणूचं संक्रमण कधीच थांबलं नाही असे देश दोनच उरलेत, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. या चार दशकांत प्रत्येक क्लबचे चाळीस अध्यक्ष बदलले. काम थांबलं का?

आणि राबण्याबद्दल. मी स्वतः लसीच्या टेबलाशी उभा राहिलोय. कुपीवर एक वर्तुळ असतं, त्यात फिकट चौकोन. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो, वर्तुळाच्या रंगाला टेकला की ती कुपी बाद. ते कसं बघायचं हे मला आरोग्यसेविकेने शिकवलं. डोस दिला की करंगळीवर शाईची खूण. संध्याकाळी माझी बोटं त्या मुलांपेक्षा जास्त निळी. त्या वर्षी पोलिओसाठी मी दिलेली देणगी आधीच्या सगळ्या वर्षांच्या बेरजेपेक्षा जास्त होती. नुसतं परिपत्रक वाचून दिली असती का? नाही.

तळहात

माजी सचिव, तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. पोलिओ टिकलं कारण ते गावोगावच्या अध्यक्षाच्या हातात नव्हतंच. विषय वरून ठरलेला, बदलायची सोय नाही. लस कुठली, कधी, किती, ते आरोग्य खात्याने ठरवलं. क्लबने पैसा उभा केला आणि सांगितलं तिथे माणसं उभी केली. मी दुसरं काय मागतोय?

उंटावरचा

माझा अनुभव सोपा आहे. फोटोत जितकी माणसं, त्याच्या निम्मी कामाला, आणि त्याच्या निम्मी शेवटी खुर्च्या उचलायला.

चष्मेवाली

मी डोळे तपासते, हाच धंदा. त्यामुळे जरा लांबेल.

१९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहायचं आवाहन केलं, आणि तेव्हापासून दृष्टी हा त्या क्लबांचा विषय झाला. शंभर वर्षं एकाच विषयाला चिकटून आहेत, याचा मला आदरच आहे. पण त्याच परंपरेतला जुन्या चष्म्यांचा डबा बघा. लोक घरातले चष्मे आणून टाकतात, सभासद सुट्टीच्या दिवशी बसून ते धुतात, पुसतात, यंत्रावर नंबर मोजतात, पाकिटावर लिहितात. फार मनापासून चालतं सगळं. मी दोनदा त्या टेबलाशी बसले आहे. हातात येतो तो चष्मा असा: उजवी काच उणे साडेचार, डावी उणे दोन, वर सिलिंडर पावणेदोनचा आणि तोही तिरक्या अक्षावर. आता हुबेहूब हेच डोळे असलेला दुसरा माणूस शोधा! निम्म्यांच्या दांड्या वाकलेल्या, काचांवर ओरखडे. २०१२ मध्ये यावर एक अभ्यास छापून आला होता. तपासलेल्या जुन्या चष्म्यांपैकी वापरण्याजोगे निघाले फक्त ७ टक्के, आणि खर्च धरला तर नवा तयार चष्मा त्याहून स्वस्त पडतो असा निष्कर्ष होता. अंधत्व निवारणाची आंतरराष्ट्रीय संस्थाही जुने चष्मे पाठवू नका असंच सांगते.

हे मी एका क्लबच्या बैठकीत बोलले. शांतता. मग एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "ताई, मग रविवारी आम्ही करायचं काय?"

मला राग आला नाही, हसू आलं. कारण प्रश्न खरा होता. डबा चष्म्यांची गरज भागवत नव्हता, रविवारची भागवत होता.

तरी धागालेखकांशी पूर्ण सहमत नाही. मोतीबिंदूच्या शिबिरात मला माणसं लागतातच. म्हाताऱ्या बाईचा हात धरून तिला तक्त्यासमोर बसवणारा, बाहुली मोठी करायचे थेंब किती वाजता घातले ते कागदावर टिपणारा, ऑपरेशननंतर आठव्या दिवशी घरी फोन करून "तपासणीला आलात का" विचारणारा. शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं. त्याचा फोटो निघत नाही.

खुर्दा

तीन वर्षं क्लबचा खजिनदार होतो, म्हणून हिशेबाचं बोलतो.

बाहेरच्यांना वाटतं क्लब देणगीच्या पैशांवर जेवतो. शिस्तीतल्या क्लबात दोन खाती वेगळी असतात. सभासदांची वर्गणी प्रशासनाच्या खात्यात, त्यातून सभा, जेवण, टपाल. लोकांकडून गोळा केलेला पैसा सेवेच्या खात्यात, त्यातला एक पैसाही पहिल्या खात्यात वळवायचा नाही. लायन्समध्ये हा नियम लेखी आहे. तेव्हा ती टीका निदान सगळीकडे लागू नाही.

माझी तक्रार निराळी. निधी उभारायला आम्ही संगीताचा कार्यक्रम ठेवला. सभागृह, ध्वनी, कलाकार, छपाई. शेवटी हातात राहिलं ते इतकं थोडं, की प्रत्येक सभासदाने तिकिटाचे पैसे थेट सेवेच्या खात्यात टाकले असते तर जास्त जमले असते. मी ताळेबंद मांडला तर मला सांगण्यात आलं की "जनसंपर्क" मोजायला विसरलो.

आणि तळहात, संस्थेला पैसे देऊन मोकळं व्हायचं म्हणता, ती संस्था बघणार कोण? आम्ही एकदा दिले. दुसऱ्या वर्षी अहवाल मागितला तर पहिल्या वर्षाचाच आला, तारीख बदलून. चेक फाडणं हेही काम आहे आणि ते बसून होत नाही.

माजी सचिव

खुर्दा, शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के.

शिवाय मोठ्या कामांना चाळणी आहे. रोटरी फाउंडेशनची ग्लोबल ग्रँट मागायची तर प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा लागतो, आधी गरजांची पाहणी करून जोडावी लागते आणि पैसे संपल्यावर काम कसं चालेल तेही लिहून द्यावं लागतं. तो कोरडा नळ अशा अर्जात टिकला नसता.

खुर्दा

म्हणूनच तर छोटी कामं अर्ज न करता होतात. चाळणीची भोकं मोठी आहेत, नळ आरामात खाली पडतो.

गोगलगाय

मी शिक्षिका आहे. घेणाऱ्या बाजूचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्या शाळेची भिंत तीस जणांनी एका सकाळी रंगवली. उत्साह दांडगा. खरवडून न घेता जुन्या रंगावरच नवा फासला, पावसाळ्याआधीच पापुद्रे निघाले. मग रंगारी आला, त्याने आधी यांचा रंग काढला आणि त्याची मजुरी वेगळी लावली. त्या दिवशी आम्ही दोन तास शिकवणं बंद ठेवलं होतं, मुलांना ओळीत उभं केलं होतं, आभाराचं भाषण मी लिहून दिलं होतं. मदत घेणं हे किती खर्चाचं असतं ते देणाऱ्याला कळत नाही.

इथपर्यंत तळहात यांच्या बाजूने. आता उलट. त्या तीस जणांत एक वकीलबाई होत्या. ब्रश हातात धरून माझ्याशी बोलत होत्या, तेव्हा मी सहज म्हणाले की शाळेच्या जागेचे कागद अर्धवट आहेत, त्यामुळे कुठलंच अनुदान मिळत नाही. पुढचं दीड वर्ष त्यांनी ते प्रकरण फुकट लढवलं. कागद आज शाळेच्या नावावर आहेत. त्यांना कुणी देणगीचा चेक देऊन घरी बसवलं असतं तर माझी आणि त्यांची गाठच पडली नसती. भिंतीचे पापुद्रे मी त्यांना माफ केले.

उंटावरचा

म्हणजे तीसातली एक कामाची निघाली. माझं गणित फार चुकलं नव्हतं.

गोगलगाय

एक पुरली की हो.

जुनी वही

धागा दोनच बाजूंनी ओढला जातोय, हात की पैसा. रोटरी सुरू झाली १९०५ मध्ये शिकागोत. १९०७ मध्ये त्या क्लबने पहिलं सार्वजनिक काम हाती घेतलं ते शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधून घ्यायचं. ते कुणी स्वतः विटा रचून बांधलं नाही, की देणगी देऊन हात झटकले नाहीत. इतर संस्थांना बरोबर घेतलं आणि महापालिकेच्या मागे लागले. विरोध कुणाचा, तर बिअर बनवणाऱ्यांचा आणि मोठ्या दुकानांचा. गुत्त्यात आणि दुकानात सोय आहे ना, मग वेगळी कशाला, असा त्यांचा युक्तिवाद.

क्लबकडे जे खरोखर असतं आणि गरजू माणसाकडे नसतं, ते म्हणजे ओळखी. डॉक्टर, वकील, बँकवाला, ठेकेदार, सगळे एका टेबलाशी. ज्या अधिकाऱ्याला भेटायला शाळेच्या मुख्याध्यापिकेला सहा महिने लागतात, त्याला हे लोक एका फोनवर भेटतात. गोगलगाय यांच्या वकीलबाईंनी तेच वापरलं. त्यांना रंग द्यायला लावणं म्हणजे सोनाराला दागिना सोडून घण मारायला लावण्यासारखं.

तळहात

जुनी वही, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, मान्य. पण ओळखी दुधारी असतात. आमच्या क्लबात ज्या ठेकेदाराची ओळख होती, त्याच्याकडूनच ते यंत्र घेतलं होतं.

खुर्दा

तीन कोटेशनं घेतली होती का?

तळहात

घेतली होती. तिन्हीवरचं अक्षर एकच होतं. मी तेव्हा नवा होतो, बोललो नाही.

चष्मेवाली

तळहात, चर्चा जाऊ दे. नळ सुरू करायला लागतं काय?

तळहात (तीन दिवसांनी)

शाळेत जाऊन आलो. फिल्टरची नळी त्याच कंपनीची लागते, आणि ते मॉडेल आता बनत नाही. मेकॅनिक म्हणाला, नळी ज्यात बसते ते आतलं भांडं बदललं तर कुठेही मिळणारी साधी नळी बसेल, मग दर सहा महिन्यांनी बदलायची एवढंच. आम्ही तिघांनी मिळून ते भांडं बदलून घेतलं, क्लबच्या खात्याला हात न लावता. गोगलगाय यांचं वाचलेलं असल्यामुळे शाळा सुटल्यावर गेलो, मुलांना ओळीत उभं केलं नाही.

पुढच्या बदलीची तारीख कुठे लिहायची हा प्रश्न होता. यंत्रावर जागा नाही, भिंतीला ओल. शेवटी फलकाच्या खालच्या मोकळ्या पट्टीवर खडूने लिहिली, कारण तेवढीच जागा गुळगुळीत होती.

त्या वर्षीच्या अध्यक्षांचा रात्री फोन आला. फलकावर कुणी काहीतरी खरडलंय, अशी तक्रार त्यांच्यापर्यंत पोचली होती.